सही येते, पण वाचता येते का?

2011 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 73 टक्के होती, तर बौद्धांची 81 टक्के. हा आकडा आपण भाषणांत अभिमानाने सांगतो आणि तो सांगायलाच हवा. पण त्याच जनगणनेत बौद्ध पुरुषांची साक्षरता 88 टक्के, तर स्त्रियांची 74 टक्के होती. म्हणजे दर चार बौद्ध स्त्रियांमागे एक निरक्षर. ही बाजू भाषणात येत नाही.

मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता तेव्हा जवळपास 90 टक्के होती. ऐकायला छान वाटते. पण उरलेले 10 टक्के म्हणजे सात वर्षांवरील आठ लाखांच्या आसपास माणसे.

हे मोजले कसे जाते? सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. नुसती सही पुरेशी नाही. पण प्रगणक कुणाला वाचायला लावत नाही. घरातला एक जण सांगतो आणि बाकीच्यांची नोंद होते. आईला वाचता येत नाही, हे अनोळखी माणसासमोर किती मुले सांगतील? त्यातच 2021 ची जनगणना झालीच नाही. आता ती 2027 मध्ये होणार आहे. तोवर जुनाच आकडा वापरात राहील.

याची किंमत वस्तीत मोजावी लागते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. अशा योजनांत परिशिष्ट-2 मधले नाव, भाड्याचा करार हे सगळे कागदावर असते. ज्या माउलीला सही येते पण करार वाचता येत नाही, ती सरकारदरबारी साक्षर ठरू शकते. घर मात्र ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडते.

केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम (2022 ते 2027) या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. 15 वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी 150 गुणांची परीक्षा होते. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50 गुणांचे, उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात 33 टक्के. इथे निदान प्रत्यक्ष तपासणी आहे. मात्र परीक्षा हा शेवट मानला तर शिकलेली अक्षरे वापराविना पुसली जातात. मानधन नसलेला स्वयंसेवक टिकवणे, हेही अवघड काम आहे.

इथे आपल्याकडे एक गोष्ट आहे जी सरकारकडे नाही. वर्षावासात तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. रोज तोच एक शिकलेला तरुण वाचतो, बाकीचे ऐकतात. पाळी आली की एखादी आजी म्हणते, “चष्मा घरी राहिला.” तो चष्म्याचा प्रश्न नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असते.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या विहारांतल्या तरुणांनी यंदा एवढे करावे : कुणालाही न लाजवता, घरोघरी जाऊन चार ओळी वाचून घ्याव्यात. ज्यांना जमत नाही त्यांची ‘उल्लास’मध्ये नोंदणी करावी, स्वतः स्वयंसेवक व्हावे. शिकवण्याची वेळ कामावरून परतणाऱ्या बायांच्या सोयीची ठेवावी. आणि पाठ्यपुस्तकाबरोबर वीजबिल, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सोसायटीची नोटीस यांचेही वाचन घ्यावे.

1924 मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा ब्रीदात पहिला शब्द शिक्षणाचा होता. तो फक्त मुलांसाठी नव्हता. पुढच्या वर्षावासात तीच आजी स्वतः चार ओळी वाचेल, तेव्हा आपला 81 टक्क्यांचा अभिमान खरा ठरेल.

जय भीम.