पाठीतले सिमेंट

मराठी शिकवणाऱ्याने हाडांच्या शस्त्रक्रियेत कशाला नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण मला त्यात ओढले ते एका शब्दाने. हल्ली आमच्या अंबाजोगाईकडची मंडळी आजीला लातूर-पुण्याला नेतात आणि परत आल्यावर सांगतात, “मणका दबला होता, सिमेंट भरून आणलं!” जणू पावसाळ्यापूर्वी गच्चीची भेग बुजवली.

वाचकहो, हे सिमेंट गवंड्याचे नव्हे. आजोबांच्या कवळीची गुलाबी हिरडी ज्या अक्रिलिकची असते, त्याच्याच भाऊबंदांपैकी ते एक. पूड आणि द्रव कालवून लगदा करतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत जाड सुईने तो मणक्यात सोडतात. काही मिनिटांत तो तापतो आणि दगड होतो. 1984 साली फ्रान्समधल्या आमियां गावी गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी हा उपाय प्रथम केला.

पण मणका म्हणजे काही बंद डबा नव्हे. त्याच्या मागेच मज्जारज्जूची वाट, आणि आत शिरांचे जाळे. लगदा पातळ राहिला किंवा जोर जास्त झाला, की तो फटीतून बाहेर येतो. पुष्कळदा त्याने काही बिघडत नाही. नंतरच्या फोटोत ठिपका दिसतो, एवढेच. पण तो मज्जातंतूंवर दाबून बसला तर पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो, तातडीने पाठ उघडावी लागते. शिरेतून निघाला तर फुप्फुसापर्यंत पोचतो आणि क्वचित जिवावर बेतते. शिवाय आपल्या देशात मणका नुसत्या ठिसूळपणाने दबतो असे नाही, क्षयानेही खचतो. आत जंतू असताना सिमेंट भरणे म्हणजे उंदीर आत ठेवून बीळ लिंपणे! एमआरआयवाचून घाई करणाऱ्याला नमस्कार करावा आणि उठावे.

2009 साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांत काही रुग्णांना खरे सिमेंट भरले, काहींवर नुसते सुईचे नाटक केले. दुखणे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच उतरले! पुढे 2016 साली, सहा आठवड्यांच्या आतल्या ताज्या मोडीला फायदा होतो, असे ऑस्ट्रेलियातच दिसले. वाद चालू आहे. कर्करोगाने पोखरलेल्या मणक्याच्या वेदनेत हा उपाय मोलाचा ठरतो, हे मात्र खरे. आजी गोळ्या आणि पट्टा घेऊन घरात हिंडू शकत असेल, तर काही आठवडे धीर धरायला हरकत नाही.

सिमेंट मिळते एका मणक्याला. ठिसूळ झालेला असतो सगळा सांगाडा. त्यावरचे औषध पुष्कळ घरांत कोणी सुरूच करीत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात हे केवळ आज्यांचे दुखणे नाही. इथे आणखी एक शब्द रुळला आहे: “पिशवी काढली.” 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 13 हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील, तर हाडे वेळेआधीच झिजू लागतात. आणि याच बाया मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. हा अंक तुमच्या हाती असेल, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकींची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतील. त्यांच्यातल्या एखादीने पाठ धरली, तर आधी हाडांची घनता मोजावी, आणि बीजकोश ठेवले की काढले, हे तिच्या जुन्या कागदांत शोधावे; कागद कोणी तिच्या हाती दिले असतील तर.