पुस्तक मिटून आकृती काढा

नीटच्या परीक्षा केंद्रात पेन्सिल नेता येत नाही. काळे बॉलपेन तिथेच देतात आणि त्याने ओएमआर पत्रिकेवरचे गोल भरायचे. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. त्यांतले निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. या तीन तासांत आकृती काढायला कुणी सांगत नाही. एवढ्यावरून एक मत पक्के झाले आहे आणि ते क्लासेसमध्ये, रिपीटर मुलांच्या खोल्यांवर, पालकांच्या बोलण्यात ठामपणे मांडले जाते. ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हे बोर्डाचे काम. नीटसाठी आकृत्या नुसत्या बघायच्या. तक्ते भिंतीवर लावा, शेवटच्या महिन्यात रोज त्यांवर नजर फिरवा, नावे पाठ करा, झाले.

हे मत चुकीचे आहे. त्याचा फटका मन लावून राबणाऱ्या मुलांनाच सर्वांत जास्त बसतो, म्हणून ते खोडून काढायला हवे.

त्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकू. आकृती छापून तिच्यातले ‘अ, ब, क, ड ओळखा’ असे विचारले, तर नजरेची ओळख पुरते, हे खरे. नावे झाकून विचारणारी मोबाइलवरची अ‍ॅप त्यासाठी चांगली आहेत, हेही खरे. वेळेचा मुद्दा तर सगळ्यांत वजनदार. फिजिक्सची गणिते सुटत नसताना मुलाने पेन्सिलीला टोक काढत बसावे, असे कोण म्हणेल?

पण पेपरात सगळेच प्रश्न आकृती देऊन येत नाहीत. ‘विधान एक, विधान दोन’, ‘कथन आणि कारण’, ‘जोड्या लावा’ अशा प्रश्नांत कागदावर चित्र नसते. ते डोक्यातून उठावे लागते. आणि नुसते पाहिलेले चित्र अशा वेळी अर्धवटच उठते.

नेफ्रॉनच घ्या. तक्त्यावर तो रोज पाहणाऱ्या मुलाला कोऱ्या कागदावर काढायला सांगा. बोमन्स कॅप्सूल जमते, पीसीटीची वळणे जमतात, खाली जाऊन वर येणारा लूप ऑफ हेन्ले जमतो. डीसीटी काढून झाली की हात अडखळतो, आणि कलेक्टिंग डक्ट कागदाच्या कडेला कुठेतरी सोडून दिली जाते. नावे सगळी बरोबर असतात, तरीही आकृती चुकलेली असते. कारण ही डक्ट पुन्हा खाली, मेड्युलातूनच, लूपच्या शेजारून उतरते, आणि सगळी मेख तिथेच आहे. लूपच्या उतरत्या बाजूतून पाणी बाहेर पडते. चढत्या बाजूतून क्षार बाहेर पडतात, पाणी पडत नाही. त्यामुळे मेड्युला खोल जावे तसतशी खारट होत जाते. कॉर्टेक्सच्या बाजूला ३०० मिलिऑस्मोल प्रतिलिटर, अगदी आतल्या भागात १२००. कलेक्टिंग डक्ट या खारट भागातून गेली, तरच एडीएचच्या हुकमाने तिच्यातले पाणी बाहेर ओढले जाईल. माणसाची लघवी मूळ गाळलेल्या द्रवाच्या जवळजवळ चौपट तीव्र होऊ शकते, हे वाक्य मुले घोकत असतात. रेघ योग्य जागी आली आणि तिच्या शेजारी ते दोन आकडे लिहिले, की घोकायचे काही उरत नाही. १२०० ला ३०० ने भागायचे.

रेघ काढताना प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो. कुठून सुरू, कुठे वळते, कशाला चिकटते, कशापासून सुटी राहते. पाहताना हे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले असतात.

हृदयातही हेच होते. एसए नोड राइट एट्रियमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. पण छापील हृदय आपल्यासमोर तोंड करून असते, म्हणून त्याची उजवी बाजू पानावर डावीकडे येते. तक्त्यावरची जागा लक्षात ठेवलेला मुलगा विधान वाचताना इथेच गोंधळतो आणि चार गुण मिळायचे तिथे एक गमावून बसतो. ज्याने आधी कागदाच्या दोन कडांना ‘उजवी’ आणि ‘डावी’ असे लिहून मग हृदय काढले, त्याचा हा गोंधळ कायमचा मिटतो. एम्ब्रियो सॅक काढताना मायक्रोपाइल आधी ठरवला, की एग आणि दोन सिनर्जिड त्या टोकाला, तीन अँटिपोडल समोरच्या टोकाला, हे आपोआप जागेवर बसते. पीबीआर ३२२ च्या वर्तुळात बॅम एच वनची खूण टेट्रासायक्लिनच्या जनुकात स्वतःच्या हाताने केली, की तिथे परका डीएनए घातल्यावर कोणता प्रतिकार जाईल, हा प्रश्नच राहत नाही.

आता दुसरी बाजू, कारण पेन्सिलवाल्यांमध्येही एक मोठा गट चुकतो आहे. पुस्तक उघडे ठेवायचे, पाच रंगांची पेने घ्यायची, शेडिंग करायचे, वही प्रदर्शनात ठेवावी अशी करायची. या वहीचा मुलांना अभिमान असतो आणि त्यामागचे कष्ट खरे असतात, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटते. पण हे नक्कल करणे झाले, आठवण्याचा व्यायाम त्यात होतच नाही. २०११ मध्ये जेफ्री कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे आराखडे काढले. दुसऱ्याने मजकूर वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिले. आठवड्याने दुसरा गट पुढे होता, आणि परीक्षेत आराखडाच काढायला सांगितला तेव्हाही तोच पुढे राहिला. वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो जास्त लक्षात राहतो, आणि त्यासाठी चित्र चांगले यावे लागत नाही. ते प्रयोग साध्या शब्दांवर झाले होते, नेफ्रॉनवर नव्हे. पण ‘माझा हात चित्रकलेचा नाही’ म्हणून मागे राहणाऱ्या मुलाला एवढा दिलासा पुरे.

म्हणजे करायचे काय? पुस्तक मिटायचे. पाठकोऱ्या कागदावर, साध्या पेन्सिलीने, रंगाशिवाय, मिनिट-दोन मिनिटांत आकृती काढायची. नावांपेक्षा बाण महत्त्वाचे: काय कुठून कुठे जाते. मग पुस्तक उघडायचे आणि चुकलेल्या जागी लाल पेनाने खूण करायची. दोन दिवसांनी फक्त लाल खुणांच्याच आकृत्या पुन्हा काढायच्या. सगळ्या आकृत्या काढायच्या नाहीत, वेळेच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. प्राणिसृष्टीतले नमुने, पानाफुलांचे बाह्य प्रकार पाहून ओळखले तरी चालतात. ज्या आकृतीत दिशा, क्रम किंवा जोडणी आहे ती मात्र काढलीच पाहिजे: नेफ्रॉन, हृदय, सारकोमिअर, झेड स्कीम, लॅक ओपेरॉन, रेप्लिकेशन फोर्क, मासिक चक्रातल्या संप्रेरकांचे आलेख. आणि २०२४ च्या नीटपासून वगळलेल्या पचनसंस्था, डोळा, कान यांच्या आकृत्या जुन्या नोट्समध्ये दिसल्या तरी त्यांत वेळ घालवू नये.

हा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी सायन्सला येते आणि एका जूनमध्ये तिचे सगळे शब्द बदलतात. तिला मूत्रपिंड कळत असते, पण रीनल ट्यूब्यूलचा परिच्छेद तिच्या अंगावर येतो. आकृती काढताना ती मराठीत विचार करू शकते: ‘इथून पाणी बाहेर गेले, इथे मीठ गेले, आता हे खाली.’ समज आधी हातात येते, इंग्रजी नाव मागाहून तिला चिकटते. तिच्याकडे टॅब्लेट नसेल, महागडी टेस्ट सिरीज नसेल. जुन्या वहीची कोरी पाने असतातच. ‘आकृत्या काढू नकोस, नुसत्या बघ’ हा सल्ला तिच्या हातातले सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन काढून घेतो.

क्लासचे शिक्षक विचारतील की शंभर-दीडशेच्या बॅचमध्ये आकृत्या तपासायच्या कुणी? कुणीच नाही. तपासणे मुलांनी पुस्तकाशी ताडून स्वतःच करायचे; चूक स्वतः सापडली की ती अधिक खोल रुजते. शिक्षकाने तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे फळा कोरा ठेवायचा, कालच्या धड्यातली एक आकृती सांगायची आणि तेवढा वेळ शांत उभे राहायचे.