सहलीच्या यादीतले १० क्रमांकाचे घर

लंडनच्या सहलीत आपण मुलांना राजवाडा दाखवतो, प्राणिसंग्रहालय दाखवतो. त्या प्राणिसंग्रहालयाकडून प्रिमरोझ हिलची टेकडी ओलांडली की किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर जवळच आहे. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असलेले बाबासाहेब येथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. ‘मुले अजून लहान आहेत’ म्हणून हे घर आपण यादीतून वगळू नये. मुलांना व्याख्यान नको. आधी टेकडीवर मनसोक्त खेळू द्यावे; मग एवढेच सांगावे, की अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवसभर वाचणारा एक विद्यार्थी येथे राहत होता. जयंतीच्या तसबिरीतले बाबासाहेब त्यांना तेव्हा माणूस म्हणून भेटतील. उद्या परदेशातही कुणी त्यांना जात विचारली, तर ही ओळखच त्यांच्या कामी येईल. जय भीम!