आधी फाइल बघा, मग टॅब घ्या

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सध्या 'डिजिटल' होण्याची घाई चालली आहे. एका देणगीदारांनी पैसे देऊ केलेत. त्यातून दहा टॅब घेतले की तरुण मंडळी इकडे वळतील, असं कार्यकारिणीतल्या बहुतेकांना वाटतं. मी इथली ग्रंथपाल, आणि मला हे पटत नाही. तरुणांच्या खिशात फोन आहेच, त्यांना आणखी एक पडदा कशाला? ई-रीडरची खरी गरज आहे ती सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना.

काउंटरवर बसलं की हे दिसतंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी कादंबरी घेतात, मधलंच पान उघडतात, लांब धरून बघतात आणि परत ठेवतात. लेखक कोण, विषय काय, हे नंतरचं. "मॅडम, जरा मोठ्या टायपातलं काही आहे का?" जाडजूड कादंबरी त्यांच्या मनगटाला पेलत नाही, आणि हलक्या पुस्तकाचा टाइप बारीक. ई-इंकचा सहा इंची रीडर हातात जड होत नाही, त्याचा पडदा कागदासारखा दिसतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

अर्थात फाइल धड असेल तर. मराठीचं खरं दुखणं इथेच आहे. आपल्याकडे ई-पुस्तक म्हणून जे फिरतं, ते बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ असते, म्हणजे नुसतं चित्र. अख्खं पान पडद्यावर मावलं तर अक्षर मुंगीएवढं, आणि मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर. मग दर ओळीला पान इकडून तिकडे सरकवत बसा. प्रकाशकांकडच्या जुन्या डीटीपी फाइलींची तऱ्हा आणखी वेगळी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की नुसता रोमन चिन्हांचा कचरा उरतो. युनिकोडमधली ईपब असेल तर अक्षर वाढवल्यावर ओळी आपोआप नव्याने जुळतात. म्हणून उपकरण घेण्याआधी दुकानातच एक मराठी ईपब त्यावर उघडावी आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असे शब्द नीट उमटतात का, ते बघावं. दुकानदार वैतागला तरी चालेल.

दुसरा प्रश्न हक्कांचा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरीस आली, पण ती विकत घेणाऱ्याच्या वैयक्तिक वापरासाठी. वाचनालयाने एक खातं उघडून सभासदांत फिरवावं, अशी सोय त्यात नाही. अमेरिकेत २०११पासून सार्वजनिक ग्रंथालयाचं पुस्तक किंडलवर उसनं मिळतं. त्याच वर्षी हार्परकॉलिन्सने तिथल्या ग्रंथालयांना अट घातली: २६ वेळा दिलं की ई-पुस्तकाचा परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. आमच्याकडे दोनदा बाइंडिंग करून शंभरावर फेऱ्या मारलेल्या कादंबऱ्या आहेत!

तरी हातात काहीच नाही असं नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५०मध्ये. त्यांचं लेखन कुणालाही छापता येतं, वाटता येतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठी विकिस्रोत आहे. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकाला वाचता येईल अशी प्रत नफा न घेता करून द्यायची मुभा आहे. आपल्या किती वाचनालयांनी ती वापरली?

म्हणून माझा प्रस्ताव असा: रीडर दोनच घ्यावेत आणि तेही ज्येष्ठांना घरी न्यायला द्यावेत. उरलेल्या पैशांतून हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावीत आणि मुख्य म्हणजे त्यांचं मुद्रितशोधन करावं. इथले निवृत्त शिक्षक ते आनंदाने करतील.

आमचे खजिनदार विचारतात, तपासणीला साहेब आले की फाइलवर शिक्का कुठे मारायचा? प्रश्न रास्त आहे. दाखल रजिस्टरात ई-पुस्तक कसं धरायचं, हे ग्रंथालय संचालनालयाने 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही कळेल इतक्या सोप्या शब्दांत सांगावं. आणि प्रकाशकांशी परवान्याचं बोलणं ग्रंथालय संघाने सगळ्यांच्या वतीने करावं. एकट्यादुकट्या तालुक्याच्या वाचनालयाला कोण दाद देणार?