आमचा हत्ती परत द्या

मागच्या महिन्यात नातवाला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. (कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण आमच्या पिढीच्या तोंडून राणीची बागच निघतं, जिजाऊंनी क्षमा करावी.) पनवेलहून हार्बरनं कुर्ला, तिथं गाडी बदलून भायखळा. माझ्या गुडघ्यांनी वाटेत बराच निषेध नोंदवला. नातवाला पेंग्विन बघायचे होते. मला हत्ती बघायचा होता, दगडी.

बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर हा हत्ती उभा आहे. अंगभर सांधे दिसतात, एखाद्या मोडलेल्या भांड्याला डाग द्यावेत तसे. पंधरा मिनिटं मी समोर बसून होते. तेवढ्यात किती माणसं गेली! एकजण त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता, एका बाईंनी मुलाला हत्तीजवळ उभं करून फोटो काढला नि पुढं गेल्या. हा कोण, कुठला, कुणालाच पडलेली नव्हती.

हा घारापुरीचा हत्ती आहे मंडळी. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याचा, उरण तालुक्याचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा राजबंदरच्या बाजूला हा उभा होता, आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. मग १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे आणखी तुकडे झाले, अशी हकिकत सांगतात. ते तुकडे मुंबईत आले, आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले गेले. तेव्हापासून हत्ती भायखळ्याला आणि त्याचं नाव मात्र बेटावर.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगते. १९८४ मध्ये मी सातवीच्या मुलांची सहल घारापुरीला नेली होती. उरणला जाऊन मोऱ्याहून होडीनं. त्रिमूर्ती बघून सगळे खाली आलो तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, एलिफंटाला एलिफंट कुठाय?" मी इतिहास शिकवणारी. ठासून सांगितलं, "फुटून नष्ट झाला." पुढच्याच वर्षी राणीच्या बागेत सहल नेली आणि त्याच हत्तीच्या बाजूनं रांग करून मुलांना पुढं काढलं, "इकडं तिकडं बघू नका, वाघ बंद होईल" असं ओरडत. त्या रांगेत ती मुलगी होती. खरं काय ते मला निवृत्तीनंतर वाचनात कळलं.

त्यामुळे "मुंबईत रोज हजारो माणसं बघतात, बेटावर कोण बघणार" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. बघतात कुठं? माझ्यासारखी बाई चाळीस पोरांसकट बाजूनं गेली आणि तिला दिसला नाही! राजबंदरला तोच हत्ती उभा असता तर त्या मुलीला प्रश्न पडलाच नसता.

दुसरा आक्षेप, हलवताना तुटेल. अहो, तुटून झालाय. जोडलेला आहे म्हणजे कुठं जोडलाय हे माहीत आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केलेली आम्ही पनवेलकरांनी डोळ्यांनी बघितली. नदीचा प्रवाह वळवला. २०२४ मध्ये घारापुरीच्या उत्तरेकडून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उभा राहिला. एवढं जमणाऱ्या राज्याला एक हत्ती तराफ्यावर चढवता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. त्याच वर्षी लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीनं. केवढा सोहळा झाला! भायखळ्याहून घारापुरीला यायला हत्तीला व्हिसासुद्धा लागत नाही.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर शतकानुशतकं तो त्याच हवेत उभा होता. भायखळ्याच्या मोटारींच्या धुरापेक्षा ती वाईट नसावी. वर छप्पर घाला हवं तर.

भाच्यानं तोडगा सुचवला, "मामी, फायबरचा बसवू बेटावर, अगदी डिट्टो." इथं माझा तोल गेला. बागाबागांतून हे फायबरचे नि सिमेंटचे प्राणी बघून मी कंटाळले आहे. तोंड वासून कचरा मागणारा पेंग्विन, डोळे वटारलेला ससा. मुलांना वाटतं प्राणी म्हणजे कागद टाकायची जागा. अस्सल हत्ती समुद्रापलीकडे उभा असताना बेटाला नक्कल देणं म्हणजे आईला शेजारी ठेवून मुलाला तिचा फोटो देणं.

काळ्या घोड्याचं उदाहरण लोक देतात. तोही राणीच्या बागेतच आहे बरं का! राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला, चौकाला नाव तेच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथं स्वाराविना नवा घोडा बसवला. पण तिथं कारण होतं. मूळ घोड्यावर परका राजा बसला होता, तो नको म्हणून घोडा नवा. आमच्या हत्तीवर कुठला बादशहा बसलाय? त्याला नेलं कुणी, तर परक्यांनी. ते जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी व्यवस्था त्यांचीच चालू.

आणि राजबंदरच्या माणसांचं काय? पर्यटक शेतबंदरला उतरतात, पायऱ्या चढून लेणी बघतात, संध्याकाळी परततात. या बेटावर वीज पोचली २०१८ मध्ये, मुंबईचे दिवे समोर दिसत असताना! हत्ती पुन्हा राजबंदरला उभा राहिला तर त्या बाजूलाही कुणी होडी लावील, चार घरांना धंदा मिळेल.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. महापालिकेनं आणि सरकारनं बसून हत्ती परत द्यावा, आणि शेजारी मराठीत त्याची सगळी कथा लिहावी, क्रेन तुटल्यासकट. उभा मात्र धक्क्याजवळच करा. लेण्यांच्या पायऱ्या आता माझ्याच्यानं चढवत नाहीत, आणि त्या मुलीला शोधून एकदा तिथं न्यायचं आहे.