कुदळीचा दांडा

मागच्या दारी न्हाणीघर बांधायला काढलं तेव्हाची गोष्ट. पाया खणताना कुदळ दांड्यातून निसटली आणि माती भरणाऱ्या बाईंच्या पायाशी येऊन पडली. वीतभरानं वाचल्या बिचाऱ्या! कुदळ आमचीच. रात्रभर पाण्यात ठेवली की दांडा घट्ट होतो, ही माझी समजूत. होतो खरा, पण दुपारच्या उन्हात लाकूड वाळलं की पुन्हा ढिला!

तेव्हा भगिनींनो, अवजारं म्हणजे पुरुषांचा प्रांत, असं म्हणून सोडू नका. दांडा वाळलेल्या बाभळीचा, बिनगाठीचा, सरळ रेषांचा घ्यावा. हलू लागला तर सुक्या लाकडाची पाचर ठोकून घ्यावी. फावड्याचा दांडा काम करणारीच्या उंचीला बेतावा, म्हणजे कंबर भरून येत नाही. टोक बोथट झालं तर कुदळ लोहाराकडून शेवटून आणावी. संध्याकाळी माती धुऊन, कोरडं पुसून लोखंडाला तेलाचा हात द्यावा. दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल चोळावं.

आणि सकाळी कुदळ कुणाच्या हाती देण्याआधी एकदा हलवून पाहाच. चहाचं आधण मग ठेवलं तरी चालतं!