यंत्राचें बळ आणि यंत्राचें बंधन

"घरांतील जुना डेस्कटॉप संगणक युक्तीनें अधिक वेगानें चालवितां येतो, असें मुलगा म्हणतो, त्यास तसें करूं द्यावें काय?" असा प्रश्न एका वाचकभगिनीनें आम्हांस केला आहे. प्रश्न लहान दिसतो; परंतु त्यांत पदार्थविज्ञान, व्यापारनीति व गृहव्यवस्था ह्या तिहींचा संबंध येतो. म्हणून त्याचा विचार क्रमानें करूं.

संगणकाचें गणित ज्या भागांत होतें त्यास प्रोसेसर म्हणतात. मदरबोर्ड त्यास एक मूळ ताल देतो, व त्या तालास ठराविक गुणकानें गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो. १९९८ सालीं इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३००ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ताल ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार. गुणाकार सुमारें ३००. गुणकास कुलूप होतें. परंतु मूळ तालच १०० केला कीं तोच प्रोसेसर ४५० वर जाई, आणि पुष्कळ प्रोसेसर हा भार निमूटपणें सोशीत. ह्या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

हें शक्य कसें होतें? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर पुष्कळ प्रोसेसर घडतात, पण सारे सारखे निपजत नाहींत. त्यांची परीक्षा घेऊन श्रेणी लावितात. बाजारांत स्वस्त मालास मागणी अधिक असली, म्हणजे वरच्या श्रेणीस पात्र असलेलेही खालच्या श्रेणीच्या नांवानें विकले जातात. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर, वरच्या वर्गांत जागा नाहीं म्हणून हुशार विद्यार्थी खालीं बसविला. परंतु त्याच बाकावर खरोखर कच्चा विद्यार्थीही असतो, आणि दोघांचा गणवेश एकच! ह्या उद्योगाची सारी मौज व सारा धोका ह्यांतच आहे.

कुलपें उघडण्याच्या युक्त्याही मनोरंजक आहेत. २००० सालच्या एएमडी कंपनीच्या ड्युरॉन व अथलॉन प्रोसेसरांवर गुणकाचें कुलूप म्हणजे पृष्ठभागावरील तोडलेले बारीक धातूचे पूल होत. पेन्सिलींतील ग्रॅफाइट विजेचें वाहक असल्यामुळें, साध्या पेन्सिलीनें ते पूल जोडतां येत! पुढें २००९ सालीं त्याच कंपनीच्या फेनॉम टू एक्स२ प्रोसेसरांत चार गाभे घडवून दोन बंद ठेविलेले असत. कांहीं मदरबोर्डांच्या बायोसमधील एका पर्यायानें ते जागे होत. मात्र ज्यांचे गाभे मुळांतच सदोष होते, तेथें संगणक अडखळे किंवा सुरूच होत नसे.

आतां नीतीचा प्रश्न. विकणाऱ्यानें लाविलेलें कुलूप उघडणें ही चोरी नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. वस्तु मोल देऊन घेतली, ती आपली झाली. बिघडल्यास कंपनीकडे भरपाई मागूं नये, एवढेंच. २०१० सालीं तर इंटेलनें पेंटियम जी६९५१ ह्या प्रोसेसरचीं बंद ठेविलेलीं अंगें पन्नास डॉलर घेऊन उघडून देण्याची योजना स्वतःच काढली. ती लोकांस रुचली नाहीं व पुढच्याच वर्षीं बंद झाली. अधर्म निराळ्याच ठिकाणीं आहे. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं व्यापारी प्रोसेसरवरील मूळ आंकडा खोडून मोठा आंकडा छापीत व गिऱ्हाइकास फसवीत. ह्या लबाडीस आळा घालणें हेंही गुणकास कुलूप लावण्याचें एक कारण होतें. म्हणून वेग वाढविलेला संगणक विकतांना ती गोष्ट न सांगणें हें पाप होय.

राहिला धोका. प्रोसेसरची चालतेवेळची उष्णता वेगाच्या प्रमाणांत व विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग शेंकडा २० व दाब शेंकडा १० वाढविला, तर १·२ गुणिलें १·२१, म्हणजे उष्णता सुमारें शेंकडा ४५ वाढते. जुना पंखा व धुळीनें भरलेली पेटी ती कशी सोसणार? त्याहून मोठा धोका असा कीं, अतिभारानें थकलेला प्रोसेसर प्रत्येक वेळीं थांबतोच असें नाहीं. तो कधीं कधीं मुकाट्यानें गणित चुकतो. बंद पडलेलें यंत्र आपणांस सावध करितें. चुकणारें यंत्र घरचे हिशेब आणि वडील माणसांचीं छायाचित्रें नकळत नासून टाकतें.

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नित्याचा आधार संपल्यामुळें अनेक घरांत जुन्या संगणकाची चिंता उत्पन्न झाली आहे. विंडोज ११ ज्या जुन्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं, तीं वेग वाढविल्यानें पात्र होत नाहींत. तेथें लिनक्स घालणें, किंवा निदान जुनी डिस्क काढून एसएसडी बसविणें, ह्यांचा उपयोग अधिक.

तेव्हां आमचें उत्तर असें: मुलास मना करूं नये, पण घरच्या कामाचा संगणक त्याच्या प्रयोगास देऊं नये. अडगळींतील एखादा जुना संगणक द्यावा व त्याबरोबर एक वही द्यावी. तींत दिनांक, वेग, विद्युद्दाब व उष्णतामान लिहावें. एका वेळीं एकच पायरी चढावी. प्रत्येक पायरीवर कांहीं तास कठीण गणित चालवून पाहावें. चूक दिसतांच एक पायरी खालीं यावें. यंत्राची खरी मर्यादा कारखान्याच्या छापावरून नव्हे, तर परीक्षेनेंच कळते. आणि परीक्षा धीरानें घ्यावी लागते, हा धडा त्या मुलास संगणकाच्या वेगाहून अधिक उपयोगीं पडेल.